दहा डॉलरची मर्यादा आणि डीलरचं बिल: कॅलिफोर्नियात खासगी बंदूक-व्यवहार पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियात ओळखीतल्या माणसाकडून वापरलेली बंदूक विकत घ्यायची असली, तरी दोघांनी घरी बसून पैसे आणि वस्तू यांची अदलाबदल करता येत नाही. व्यवहार परवानाधारक डीलरच्या काउंटरवरच करावा लागतो, आणि हा नियम १९९१ पासूनचा आहे. या कामाचे डीलरने स्वतःसाठी किती घ्यायचे हेही राज्याच्या कायद्यात लिहिलेलं आहे: एका बंदुकीमागे जास्तीत जास्त १० डॉलर. तरी "माझ्याकडून सव्वाशे घेतले" अशा तक्रारी नेहमी कानावर येतात. त्यातल्या काही अगदी खऱ्या असतात. काहींमध्ये मात्र तक्रारदाराने केलेल्या व्यवहाराला ती मर्यादा लागूच नसते. आपण नेमका कोणता व्यवहार करतोय हे आधी कळलं, की डीलरशी बोलणं सोपं जातं. म्हणून फीच्या आकड्यांकडे येण्याआधी दोन गोष्टी बघू.

आधी स्वतःची पात्रता तपासा

भारतातून आलेल्यांचा इथे पहिला गोंधळ होतो. आपल्याकडे बंदूक घरी ठेवायची तर ठेवणाऱ्याला आधी परवाना काढावा लागतो. पोलीस आयुक्तालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. अमेरिकेत फेडरल परवाना लागतो तो धंदा करणाऱ्याला; त्या परवान्याला, आणि तो असलेल्या डीलरलाही, एफएफएल म्हणतात. गिऱ्हाइकाला तसा परवाना नसतो. त्यामुळे "दुकानात गेलं की मिळतेच" असा समज होतो, आणि व्हिसावर असलेल्यांसाठी तो धोक्याचा आहे.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर इथे असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक घेता येत नाही आणि जवळही बाळगता येत नाही. याला थोडे अपवाद आहेत. त्यातला सगळ्यात चर्चेतला म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. हा परवाना काढून बंदूक घेणारे लोक आहेत, आणि ते कायदेशीर आहे. पण परवान्याची मुदत संपली की घरातली बंदूक बाळगणंच गुन्हा ठरू शकतं, ही बाजू सांगायला फारसं कुणी जात नाही. पुढे ग्रीन कार्डचा अर्ज करायचा असलेल्या माणसाने ही जोखीम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबा. त्याआधी घ्यायचीच असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना हा अडथळा नाही. कॅलिफोर्नियात वयाची सर्वसाधारण अट २१ वर्षांची आहे. शिवाय फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट, म्हणजे एफएससी, लागतं. दुकानातच लेखी परीक्षा होते: ३० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के, म्हणजे २३ बरोबर उत्तरं. फी जास्तीत जास्त २५ डॉलर आणि प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. ही फी दहा डॉलरच्या मर्यादेपेक्षा वेगळी आहे. ती वेगळी आकारली म्हणून डीलरशी भांडू नका. पण तुमच्याकडे चालू एफएससी असताना "आमच्या दुकानाची पुन्हा द्यावी लागेल" असं कुणी म्हटलं, तर तो पैसे काढतोय.

दुसरी गोष्ट: तुमचा व्यवहार पीपीटी आहे का?

इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून या भागावर जरा थांबू.

दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही पीपीटी म्हणतात, म्हणजे प्रायव्हेट पार्टी ट्रान्सफर. विकणारा खासगी माणूस, घेणारा खासगी माणूस, दोघंही कॅलिफोर्नियाचे रहिवासी, आणि दोघं एकाच वेळी, बंदूक घेऊन, डीलरच्या काउंटरवर हजर. दहा डॉलरची मर्यादा या व्यवहाराला आहे. पीनल कोडचं कलम २८०५५ सांगतं की अशा व्यवहारात डीलर एका बंदुकीमागे १० डॉलरपर्यंत घेऊ शकतो आणि कायद्यात नाव घेऊन सांगितलेल्या सरकारी फीशिवाय त्याला दुसरी कोणतीही फी लावता येत नाही.

आता पुढचे व्यवहार बघा. दिसायला ते तसेच असतात, पण पीपीटी नसतात.

ऑनलाइन लिलावात किंवा दुकानात बंदूक घेतली आणि ती तुमच्या गावातल्या डीलरकडे पाठवली गेली. ही साधी एफएफएल ट्रान्सफर. इथे डीलर त्याला हवी ती फी लावू शकतो. कॅलिफोर्नियात ७५ ते १५० डॉलर ऐकले तर दचकायचं कारण नाही. महाग वाटलं तर दुसरं दुकान बघायचं.

टेक्सासमधल्या मित्राने किंवा ॲरिझोनातल्या सहकाऱ्याने तुम्हाला बंदूक विकली. तो खासगी माणूस असला तरी दुसऱ्या राज्यातला आहे. फेडरल कायद्याप्रमाणे ती तुमच्या राज्यातल्या एफएफएलकडेच यावी लागते. विकणारा काउंटरवर तुमच्या शेजारी उभा नाही आणि कॅलिफोर्नियाचा रहिवासीही नाही, तेव्हा हा व्यवहार पीपीटीत बसत नाही आणि दहा डॉलरचं बोट दाखवता येत नाही.

विकणाऱ्याने बंदूक दुकानात ठेवायला दिली आणि दुकानदाराने ती त्याच्या वतीने विकली. याला कन्साइनमेंट म्हणतात आणि त्यात दुकानाचं कमिशन असतं. काही दुकानदार पीपीटीसाठी आलेल्या दोघांना गोड बोलून इकडे वळवतात: "पीपीटीला वेळ जातो, तुम्ही ठेवून जा, आम्ही बघतो." कमिशन पंधरा-वीस टक्के असलं, तर ८०० डॉलरच्या पिस्तुलावर ते १२० ते १६० डॉलर होतं, तेही दहा डॉलरच्या कामासाठी. घेणारा माणूस आधीच ठरलेला असेल तर कन्साइनमेंटला हो म्हणायचं काही कारण नाही.

याच युक्तीचा दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. दुकानदार विकणाऱ्याकडून पिस्तूल स्वतः विकत घेतो आणि मग तुम्हाला विकायला बघतो. कॅलिफोर्नियात डीलरला हँडगन विकायची तर ती राज्याच्या मान्यताप्राप्त यादीत, म्हणजे रोस्टरवर, असावी लागते. पीपीटीला या यादीतून सूट आहे. म्हणूनच यादीबाहेरच्या पिस्तुलांना खासगी बाजारात भलती किंमत येते. पिस्तूल एकदा दुकानाच्या मालकीचं झालं की पीपीटीची सूट त्याला उरत नाही.

डीलरला फोन करून नेमकं काय विचारायचं

फोन करूनच निघा. दुकानात पोचल्यावर, सोबत विकणारा ताटकळत उभा असताना, माणूस शंभर डॉलरसाठी वाद घालत नाही. हे दुकानदारालाही माहीत असतं.

विचारायचं ते एवढंच: "एका हँडगनची पीपीटी करायची आहे, आम्ही दोघंही कॅलिफोर्नियाचे आहोत, दोघं एकत्र येतो. सगळं धरून आउट-द-डोअर किती?" 'ट्रान्सफर फी किती' असं विचारलंत तर समोरचा ऑनलाइन मागवलेल्या बंदुकीची फी सांगेल, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. 'पीपीटी' आणि 'आउट-द-डोअर' हे दोन शब्द पहिल्याच वाक्यात यायला हवेत. उत्तर ४७.१९ डॉलरच्या आसपास आलं तर ठीक (हा हिशेब पुढे दिलाय). ८० किंवा १०० आलं तर शांतपणे विचारा, "त्यात कोणकोणत्या फी आहेत?" आणि नावं लिहून घ्या.

"आम्ही पीपीटी करत नाही" असंही ऐकायला मिळेल. राज्याचा नियम असा आहे की डीलरने मागणी आल्यावर पीपीटी करून द्यायलाच हवी. जो डीलर हँडगन विकतच नाही आणि ठेवतही नाही, त्याला हँडगनच्या पीपीटीतून सूट आहे. "शनिवारी गर्दी असते, मंगळवारी या" हा नकार नव्हे, आणि वेळ ठरवून जाणं तुमच्याही सोयीचं असतं. पण तीन आठवड्यांनंतरची वेळ देऊन कंटाळवणं हा प्रकार मात्र ओळखायला शिका.

इथे दुकानदाराची बाजूही सांगायला हवी. दहा डॉलरमध्ये तो दोन माणसांचे कागद तपासतो, संगणकावर माहिती भरतो, खरेदीदाराकडून फॉर्म ४४७३ हा फेडरल खरेदी-अर्ज भरून घेतो, बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रात्यक्षिक घेतो आणि वस्तू किमान दहा दिवस तिजोरीत सांभाळतो. पाऊण तास तर सहज जातो. सॅन होजेसारख्या ठिकाणचं दुकानभाडं आणि पगार बघता या कामात तो घाटाच सोसतो, आणि ही मर्यादा कित्येक वर्षं जागची हललेली नाही. तो चिडतो ते मला समजतं. ती भरपाई तुमच्या पावतीवर बेकायदा ओळी घालून करणं मात्र त्याच्या अधिकारात नाही. मर्यादा वाढवून हवी असेल तर विधिमंडळ सॅक्रामेंटोत आहे.

पावती ओळीओळीने वाचा

राज्याची फी अशी आहे: डीआरओएस ३१.१९ डॉलर, फायरआर्म्स सेफ्टी ॲक्ट फी १ डॉलर आणि सेफ्टी अँड एन्फोर्समेंट फी ५ डॉलर. एकूण ३७.१९. डीआरओएस म्हणजे खरेदीदाराच्या पार्श्वभूमीची तपासणी आणि नोंद; दुकानात सगळे त्याला 'ड्रॉस' म्हणतात. त्यात डीलरचे जास्तीत जास्त १० मिळवा: ४७.१९ डॉलर. राज्याची फी २०२० पासून या आकड्यावर आहे. त्याआधी ती २५ होती. जायच्या आदल्या दिवशी राज्याच्या न्याय विभागाच्या संकेतस्थळावर चालू आकडे बघून घ्या आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. काउंटरवर तोंडी कायदा सांगण्यापेक्षा तो स्क्रीनशॉट जास्त कामाचा.

दोन बंदुका एकाच वेळी हस्तांतरित होत असतील तर डीलरचे जास्तीत जास्त २० डॉलर.

पावतीवर बाकी ज्या ओळी दिसतात त्यांची नावं मोठी अधिकृत वाटतात: 'कम्प्लायन्स फी', 'पेपरवर्क फी', 'स्टोरेज', 'अंगठ्याच्या ठशाची फी', 'ॲडमिन'. यातली प्रत्येक ओळ त्याच दहा डॉलरच्या कामाचा एक भाग आहे. कागद भरणं, ठसा घेणं, दहा दिवस सांभाळणं हेच तर काम आहे, त्यासाठीच ते दहा डॉलर. आणखी एक प्रकार म्हणजे खरेदीदाराकडून दहा घेऊन झाल्यावर विकणाऱ्याकडून वेगळे दहा-वीस मागणं. कायद्यात खरेदीदाराकडून १० घेण्याची परवानगी आहे, विकणाऱ्यावर दुसरी फी लावायला जागा नाही. ते दहा आपसात वाटून घ्यायचे की कसं, हे तुम्ही दोघं बघा.

कराचंही बघा. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात बंदुका आणि दारूगोळ्यावर ११ टक्के अबकारी कर आहे. तो परवानाधारकांच्या स्वतःच्या किरकोळ विक्रीवर आहे. पीपीटीत दुकानदार विक्रेता नसतोच, त्यामुळे तुमच्या आणि मित्राच्या ठरलेल्या किमतीवर ११ टक्के लावलेले दिसले तर हिशेब मागा.

कुलपाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे, आणि तिथे पैसे वाचवता येतात. डीलरकडून हस्तांतरित होणाऱ्या बंदुकीसोबत राज्यमान्य सुरक्षा कुलूप असावं लागतं, म्हणून काउंटरवर ते विकत घ्यायला लावतात. वायरचं साधं कुलूप बाहेर थोडक्यात मिळतं, तिथे त्याचे तिप्पट पडू शकतात. पण ते त्याच दुकानातून घेण्याची सक्ती नाही. गेल्या ३० दिवसांत घेतलेलं मान्यताप्राप्त कुलूप पावतीसकट न्या, किंवा घरी नियमात बसणारी तिजोरी असेल तर तसं प्रतिज्ञापत्र सही करून द्या. पावती विसरलात तर मात्र दुकानातलंच घ्यावं लागेल. ते त्याच्या खिशात गेलेले पैसे खरे, पण ती बेकायदा फी नव्हे.

काउंटरवर काय न्यायचं

कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र. त्यावर 'फेडरल लिमिट्स अप्लाय' असं छापलेलं असेल तर सोबत कायदेशीर वास्तव्याचा पुरावा लागतो, म्हणून ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट न्या. आपल्या बऱ्याच लोकांची पहिली फेरी इथेच वाया जाते. हँडगनसाठी राहत्या पत्त्याचा वेगळा पुरावाही लागतो: वीजबिल, भाडेकरार वगैरे. पत्ता लायसन्सवरच्या पत्त्याशी जुळायला हवा. घर बदललं असेल तर आधी डीएमव्हीत, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्यात, पत्ता बदला, मग दुकान गाठा. आणि एफएससी.

विकणाऱ्याने स्वतःचं ओळखपत्र आणि रिकामी, कुलूपबंद बंदूक आणायची. दहापेक्षा जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन बंदुकीसोबत देता येत नाही. "सोबत दोन मोठी मॅगझिन फ्री" अशी ऑफर असेल तर तिला नको म्हणा.

फॉर्म ४४७३ भरताना घाई करू नका. 'या बंदुकीचा खरा घेणारा तुम्हीच का' हा प्रश्न वाचून तसाच पुढे जायचा प्रश्न नाही. आपल्या घरांमध्ये एकमेकांसाठी वस्तू आणून देण्याची सवय असते: काकांसाठी फोन, मेव्हण्यासाठी लॅपटॉप. बंदुकीच्या बाबतीत ही सवय तुरुंगात नेऊ शकते. अब्राम्स्की विरुद्ध युनायटेड स्टेट्स हा २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल याच प्रकाराचा आहे. ब्रूस अब्राम्स्की हा व्हर्जिनियातला माजी पोलीस. पोलिसांना मिळणारी सवलत वापरून त्याने पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या काकांसाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं आणि फॉर्मवर खरा खरेदीदार आपणच असल्याचं लिहिलं. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या डीलरमार्फत, तपासणी होऊन, ते रीतसर काकांच्या नावे झालं. काका स्वतः बंदूक घ्यायला पूर्ण पात्र होते. तरीही पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने अब्राम्स्कीची शिक्षा कायम ठेवली, कारण फॉर्मवरचं विधान खोटं होतं. आणि २०२२ पासून अपात्र किंवा गुन्हा करू पाहणाऱ्या माणसासाठी बंदूक घेऊन देण्याला फेडरल कायद्यात स्वतंत्र गुन्हा केलंय, शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि बंदूक गंभीर गुन्ह्यासाठी वापरली जाणार हे माहीत असेल तर २५ वर्षांपर्यंत.

ट्रान्सफर फी वाचवण्यासाठी "तूच घे, नंतर मला दे" असं कुणी सुचवलं तर हा निकाल त्याला सांगा. जिथे व्यवहार डीलरमार्फत होणं बंधनकारक आहे तिथे पार्किंगमध्ये रोखीने उरकण्याचंही तसंच. पन्नास डॉलर वाचवून माणूस गुन्हेगारी नोंद विकत घेतो.

दहा दिवस

अर्ज गेल्यापासून पूर्ण दहा दिवस, म्हणजे चोवीस तासांचे दहा कालखंड, बंदूक डीलरकडेच राहते. शुक्रवारी संध्याकाळी पाचला भरला असेल तर सोमवारी सकाळी, दहा दिवस व्हायच्या आत, मागायला जाऊ नका. न्याय विभागाला तपासणीला जास्त वेळ हवा असेल तर हे प्रकरण ३० दिवसांपर्यंत लांबू शकतं.

मंजुरी आल्यावर ढिलाई नको. अर्जाच्या तारखेपासून ३० दिवसांत ताबा घेतला नाही तर डीलरला व्यवहार रद्द करून बंदूक विकणाऱ्याला परत करावी लागते, आणि पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा फी. भारतात सुट्टीला जाणार असाल तर परतल्यावरच अर्ज भरा.

खरेदीदार अपात्र ठरला तर बंदूक परत विकणाऱ्याकडे जाते. पैसे कुणी कुणाला कधी द्यायचे हे डीलर बघत नाही. म्हणून दोघांनी एक साधा कागद करून ठेवावा: किंमत, बंदुकीचा क्रमांक, आणि नकार आला तर पैसे किती दिवसांत परत. ओळखीतला व्यवहार असला तरी. ओळखीतला असला तर जास्तच.

जास्त मागितले तर

अर्ज भरण्याआधी बोललात तर बहुतेक वेळा तिथेच मिटतं. आवाज न चढवता कलम २८०५५ आणि न्याय विभागाचं फीचं पान दाखवा. काउंटरवरचा मुलगा नवीन असेल तर त्याने ऑनलाइन ट्रान्सफरची फी लावलेली असण्याची शक्यता बरीच असते. व्यवस्थापकाला बोलवायला सांगा. तरी ऐकलं नाही तर विकणाऱ्याला घेऊन बाहेर पडा. अजून काहीच सही झालेलं नाही, बंदूक अजून त्याचीच आहे.

पैसे दिल्यावर लक्षात आलं तर पावती हाच तुमचा आधार. प्रत्येक फी वेगळ्या ओळीवर लिहिलेली पावती मागा. "ट्रान्सफर – १२०" एवढंच लिहिलं असेल तर फोड करून द्यायला सांगा. आधी दुकानालाच लेखी कळवा: तारीख, रक्कम, कलम, किती परत हवेत. ईमेल पुरे. आठवड्यात उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलची प्रत, पावती आणि कार्डाचं स्टेटमेंट जोडून कॅलिफोर्निया न्याय विभागाच्या ब्युरो ऑफ फायरआर्म्सकडे तक्रार करा. डीलरांची तपासणी हाच विभाग करतो. तक्रारीत दुकानदाराच्या वागण्याचं वर्णन लिहीत बसू नका. पावतीवरच्या ओळी आणि कायद्यातली मर्यादा एकाखाली एक मांडली की पुरतं.

एक पथ्य पाळा. तुमचा व्यवहार पीपीटी नव्हता असं नंतर कळलं तर तक्रार मागे घ्या. चुकीच्या तक्रारींमुळे खऱ्या तक्रारींचंही वजन कमी होतं.

डीलर लागतच नाही असे दोन प्रसंग

आई-वडील आणि मुलं, किंवा आजी-आजोबा आणि नातवंडं यांच्यातल्या हस्तांतराला कॅलिफोर्नियात डीलरकडे जावं लागत नाही. घेणाऱ्याकडे एफएससी हवं आणि ३० दिवसांत राज्याकडे नोंद करायची, फी १९ डॉलर. भाऊ-बहीण, काका-पुतण्या यांना ही सवलत नाही. त्यांनी पीपीटीच करायची. दोघांपैकी एकजण दुसऱ्या राज्यात राहत असेल तर फेडरल नियम मध्ये येतात आणि सवलत तशीच लागू होत नाही.

दुसरा प्रसंग, दुसऱ्या राज्यातून स्वतःच्या बंदुकीसह कॅलिफोर्नियात राहायला येणाऱ्यांचा. ६० दिवसांत नवीन रहिवासी म्हणून नोंद करायची, फी तीच १९ डॉलर. मालक बदलत नाही, तेव्हा ट्रान्सफर फीचा प्रश्नच नाही. पण इथे बंदी असलेला प्रकार असेल तर तो राज्यात आणूच नका. निघण्याआधीच यादी तपासा.

इतर राज्यांत राहणाऱ्यांसाठी थोडक्यात

दहा डॉलरचा हा नियम घेऊन सिएटलच्या दुकानात वाद घालू नका. वॉशिंग्टन राज्यात २०१४ च्या सार्वमतानंतर खासगी व्यवहार डीलरमार्फत करावे लागतात, पण कायद्यात आकडा नाही; प्रशासकीय कामाच्या बाजारभावाइतकी फी घेता येते एवढंच म्हटलंय. ओरेगन आणि नेवाडात शब्द आहे 'वाजवी' फी. वाजवी म्हणजे किती, हे शेवटी चार दुकानांना फोन केल्यावरच कळतं. देशभर अशा कामाचे २० ते ५० डॉलर घेणारी दुकानं बरीच सापडतात, त्याहून बरंच जास्त मागणारीही.

न्यूयॉर्कमध्ये २०१३ च्या सेफ ॲक्टने खासगी व्यवहार डीलरकडे नेले आणि डीलरची फी व्यवहारामागे १० डॉलरवर बांधली. सप्टेंबर २०२३ पासून तिथे तपासणी राज्य पोलिसांमार्फत होते आणि तिची ९ डॉलर फी वेगळी आहे, ती डीलरची नव्हे. बाकी बऱ्याच राज्यांत एफबीआयच्या एनआयसीएस यंत्रणेतून तपासणी होते. ती १९९८ पासून चालू आहे आणि एफबीआय तिचे पैसे घेत नाही. तेव्हा एफबीआयकडून तपासणी होणाऱ्या राज्यात पावतीवर 'एनआयसीएस फी' असं दिसलं, तर ते पैसे सरकारला जात नाहीत, दुकानात राहतात.

टेक्सासमध्ये एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांना डीलरकडे जाण्याचं बंधन नाही. तरी अनोळखी माणसाशी व्यवहार असेल तर मी डीलरला पैसे देऊन तपासणी करून घेईन. तिथली फी बोलून ठरते, आणि घासाघीस करायला हरकत नाही.